विंगेतून : खिशात एकच गोळी असलेला डेप्युटी

मागच्या अंकात दुय्यम भूमिका करणाऱ्या नटांवर लिहिताना डॉन नॉट्स या अमेरिकन विनोदी नटाचं नाव मी एका ओळीत घेतलं आणि पुढे गेले. त्या ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर त्याचंच. काही पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र ज्याचे त्याचेच आहेत.

ताई, मी सध्या मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनात कॅरी गावी आलो आहे. दुपारी सगळे बाहेर गेले की टीव्ही लावतो. एका वाहिनीवर जुनी कृष्णधवल मालिका लागते. त्यातला काटकुळा, डोळे मोठे करणारा पोलीस पाहून मी एकटाच हसत बसतो. इंग्रजी निम्मंच कळतं, तरी हसू आवरत नाही. शेजारच्या गृहस्थांना त्याचे संवाद तोंडपाठ आहेत. हाच तुमचा डॉन नॉट्स का?
– एक निवृत्त शिक्षक

होय काका, तोच. मालिका 'द अँडी ग्रिफिथ शो' आणि तो पोलीस म्हणजे डेप्युटी शेरीफ (गावच्या पोलीसप्रमुखाचा मदतनीस) बार्नी फाइफ. ३ ऑक्टोबर १९६० ला सीबीएस या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि १९६८ पर्यंत चालली, एकूण २४९ भाग. पहिली पाच वर्षं कृष्णधवल, पुढची तीन रंगीत. डॉन मालिकेत कायम होता ती नेमकी कृष्णधवल पाच वर्षं, त्यामुळे तुमच्या वाट्याला उत्तम तेच आलं आहे.

तुम्ही ज्या राज्यात बसून हे पाहताय, त्याच राज्यात मेबेरी नावाचं काल्पनिक गाव कल्पिलं आहे. शेरीफ अँडी टेलर विधुर आहे, शांत डोक्याचा. त्याचा लहानगा मुलगा ओपी (तो पोरगा म्हणजे पुढे मोठा दिग्दर्शक झालेला रॉन हॉवर्ड). घर सांभाळणारी बी आत्या. आणि बार्नी. गावात गुन्हे जवळपास होतच नाहीत. शेरीफ एरवी बंदूकसुद्धा लावत नाही. बार्नीच्या कमरेला मात्र रिव्हॉल्व्हर आहे, पण ते त्याच्या हातून भलत्या वेळी उडतं म्हणून अँडीचा हुकूम असा की ते रिकामं ठेवायचं. गोळी एकच मिळेल, आणि ती शर्टाच्या खिशात राहील. संकटाची नुसती चाहूल लागली की बार्नीची बोटं त्या खिशाकडे जातात. आता पुढच्या वेळी पाहताना फक्त त्या बोटांकडे बघा. इंग्रजी निम्मं कळूनही तुम्हाला पूर्ण हसू येतं त्याचं कारण तिथे आहे. या नटाचं अर्धं बोलणं हात, गळा आणि डोळे बोलतात.

तुमच्या शेजाऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. बार्नी मुळात मालिकेत नव्हताच. १९६० च्या सुरुवातीला डॅनी थॉमस या विनोदी नटाच्या टीव्ही कार्यक्रमातल्या एका भागात शेरीफ अँडीचं पात्र पहिल्यांदा आलं, पुढची मालिका जोखण्यासाठी. ते पाहून डॉनने अँडी ग्रिफिथला फोन केला आणि विचारलं, या शेरीफला एक डेप्युटी नको का? दोघांची ओळख रंगभूमीवरची होती. पहिल्या एकदोन भागांतच अँडीच्या लक्षात आलं की विनोद या माणसाने करावा आणि आपण त्याला तो करू द्यावा. मालिका अँडीच्या नावाची होती, नायक तो होता. तरी तो एक पाऊल मागे सरला. डॉनला बार्नीसाठी एमी हे टीव्हीचे मानाचे पुरस्कार पाच वेळा मिळाले. अँडीला त्या मालिकेसाठी एकही मिळाला नाही. अँडीबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो या मागे सरण्यामुळे आहे. आपल्या नाटकाच्या धंद्यात असं मागे सरणारे किती थोडे असतात, हे विंगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

असं म्हणतात की विनोदी नटांच्या घरात दुःख असतं, म्हणून ते हसवतात. डॉन नॉट्सचं बालपण फार वाईट गेलं असं वाचलं. ते खरं आहे का?
– एक वाचिका, नाशिक

बालपण वाईट गेलं, हे खरं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॉर्गनटाउन नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. २१ जुलै १९२४ ला डॉन तिथे जन्मला, चार भावांतला धाकटा. वडील शेतकरी. त्यांना स्किझोफ्रेनिया होता आणि दारूही होती. लहानग्या डॉनला ते सुरीचा धाक दाखवायचे. घरात हा प्रकार, आणि बाहेर महामंदी. तो तेरा वर्षांचा असताना वडील न्यूमोनियाने गेले. आईने खोल्या भाड्याने देऊन, भाडेकरूंना जेवू घालून मुलं वाढवली. डॉन कॉलेजात शिकताना कोंबड्यांची पिसं काढायचं काम करत होता.

पण दुःख होतं म्हणून तो विनोदी झाला, हे मात्र मला पटत नाही. तसं असतं तर त्याच घरातल्या चारही भावांनी टीव्हीवर हसवलं असतं. ज्या मुलांना घरी त्रास होतो त्यांना आपण हा 'दुःखातून कला' चा हिशेब ऐकवतो, ते मला फार लागतं. माझ्या बालनाट्य शिबिरांत अशी मुलं येतात. त्यांना त्रास झाला नसता तर काहीच बिघडलं नसतं. डॉनलाही पुढे आयुष्यभर झोपेचा त्रास राहिला, मन खचायचं, आजारपणाची सतत धास्ती वाटायची. त्यासाठी तो मानसोपचार घेत होता. हे त्याने सोसलं, आणि कला त्याने वेगळी कमावली. कशी, ते बघा.

रेडिओवर तेव्हा एडगर बर्गन हा बोलक्या बाहुल्याचा खेळ करायचा. त्याच्या नादाने डॉनने स्वतः बाहुला घेतला, त्याचं नाव डॅनी ठेवलं आणि गावातल्या समारंभांत, शाळेच्या कार्यक्रमांत खेळ करू लागला. शाळा संपल्यावर न्यूयॉर्कला जाऊन पाहिलं, जमलं नाही, परत येऊन कॉलेजात नाव घातलं. मग महायुद्धात सैन्यात भरती. तिथे त्याला सैनिकांचं मनोरंजन करणाऱ्या पथकात घेतलं. 'स्टार्स अँड ग्राइप्स' नावाचा तो कार्यक्रम पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवर फिरला. समोर थकलेले, घरापासून हजारो मैल दूर असलेले शिपाई. या दौऱ्यात त्याला बाहुल्याचा कंटाळा आला, कारण बोलक्या बाहुल्याच्या खेळात हशा सगळा बाहुला घेतो आणि माणूस नुसता त्याला वाक्यं पुरवतो. त्याला स्वतः हशा घ्यायचा होता. त्याने बाहुला सोडला आणि प्रहसनांत कामं मागून घेतली. परत येऊन १९४८ ला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि पुन्हा न्यूयॉर्क गाठलं. या वेळी टिकला. रेडिओवर मुलांच्या काउबॉय मालिकेत विंडी वेल्स नावाच्या थापाड्या म्हाताऱ्याचा आवाज, मग टीव्हीवर रोजच्या मालिकेत गंभीर भूमिका, आणि १९५५ मध्ये ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'नो टाइम फॉर सार्जंट्स' हे नाटक. त्यात अँडी ग्रिफिथ हा सैन्यात आलेला खेडवळ पोरगा आणि डॉन त्याच्या हातांच्या कौशल्याची परीक्षा घेणारा कॉर्पोरल. अँडीची ओळख ती ही.

ताई, मी कोल्हापुरात नाट्यशास्त्र शिकतो. आमच्या एकांकिकेत मला घाबरट कारकुनाची भूमिका आहे. मी हात थरथरवतो, अडखळत बोलतो, पण प्रेक्षक हसत नाहीत. सर म्हणाले, डॉन नॉट्स बघ. मी क्लिप्स बघितल्या. तो पण तेच करतो! मग त्याचं का चालतं?

तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण हाच प्रश्न मला विचारला जावा असं मनात होतं. जरा सविस्तर सांगते, सावकाश वाच.

डॉनला हे थरथरणं कुठे सापडलं ते आधी ऐक. त्याने एका जेवणाच्या समारंभात एक वक्ता पाहिला. तो माणूस इतका घाबरलेला होता की हातातले कागद खडखडत होते, पाणी प्यायला जावं तर पेला हलत होता. डॉनने त्यावरून एक भाषण बसवलं, तेच घेऊन तो स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात गेला आणि १९५६ पासून तिथे रुळला. तिथे रस्त्यावर उभं राहून लोकांच्या मुलाखती घ्यायचा एक लटका प्रकार असे. टॉम पोस्टन हा स्वतःचं नाव विसरणारा, लुई नाय हा तोऱ्यात बोलणारा, आणि डॉन हा घाबरलेला. एका वेळी तो हातबाँबच्या कारखान्यात पिना बसवणारा के. बी. मॉरिसन झाला होता. के. बी. म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं : 'का-बूम!' आणि दर वेळी ठरलेला प्रश्न, तुम्ही घाबरला आहात का? डॉनचं उत्तर एक शब्द. नाही! तेही प्रश्न संपतो न संपतो तोच, ताडकन.

तुझं उत्तर त्या एका शब्दात आहे. तो घाबरलेला दिसतो, पण घाबरणं *करत* नाही. तो भीती लपवण्याचं काम करतो. समारंभातल्या त्या वक्त्याला कागद खडखडायला नको होते. त्याला ते थांबवायचे होते, आपण ऐटीत भाषण करतोय असं लोकांना वाटावं अशी त्याची धडपड होती. धडपड खरी असेल तरच हात हलण्याचं हसू येतं. तू हात हलवतोस. डॉन हात हलू नये म्हणून जिवाचं रान करतो, आणि हात तरी हलतोच. रंगमंचावर या दोन्ही गोष्टी दहाव्या रांगेतून वेगवेगळ्या दिसतात, माझ्यावर विश्वास ठेव.

बार्नी फाइफला काय हवंय? मान. गणवेशाचा मान, कायद्याचा मान, गावाने आपल्याला पुरुष समजावं, मर्द समजावं. म्हणून तो कंबरपट्टा सारखा वर ओढतो, छाती काढतो, नाकाने फुरफुरतो. मोठमोठे पोलिसी शब्द वापरतो. बोलता बोलता समोर खराच गुंड उभा राहतो, आणि मग गळ्याची गोटी खालीवर होते, आवाज चिरकतो. पण छाती आत जात नाही! ती तशीच बाहेर. चेहरा पळून गेलेला, आणि छाती अजून कामावर. डॉन एका ठिकाणी म्हणाला होता की बार्नीकडे तो लहान मुलासारखं पाहायचा, कारण मुलाच्या मनात जे असतं ते तोंडावर उमटतंच. आपलं ते लपलंय असं त्या मुलाला वाटत असतं, तेवढा भाग मी त्यात घालते.

आता एक प्रसंग समोर ठेव. शिबिरात मी तो मुलांना आधी आवाज बंद करून दाखवते, मग आवाजासकट. १९६३ च्या हंगामातला भाग आहे. बार्नी फुशारकी मारतो की शाळेत पाठ केलेलं आपण कधी विसरत नाही, अमेरिकेच्या राज्यघटनेची उद्देशिका आजही मुखोद्गत आहे. अँडी पुस्तक हातात घेतो, म्हण म्हणतो. बार्नी बसतो, डोळे मिटतो, तयारी करतो. पहिला शब्दच येत नाही. अँडी हळूच पहिला शब्द देतो. बार्नी तो असा उचलतो की जणू तोच म्हणणार होता. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. हळूहळू अँडीला जवळजवळ प्रत्येक शब्द पुरवावा लागतो, ओठ हलवून, तोंडाचे आकार करून. बार्नी अँडीच्या ओठांवर डोळे लावून अक्षरं टिपत राहतो, चुकीचा अंदाज करतो, माघार घेतो, पुन्हा सरसावतो. अख्खी उद्देशिका अशी अँडीच्या तोंडून काढून घेतल्यावर तो मागे टेकतो आणि समाधानाने पाहतो : बघ, सांगितलं होतं ना, एकदा पाठ केलं की केलं.

आवाज बंद असताना मुलांना काय दिसतं माहीत आहे? दोन माणसं एका शब्दाच्या मागे लागलेली दिसतात. कुणी कुणाची थट्टा करत नाही. अँडी हसत नाही, अँडीला मित्राची लाज राखायची आहे. डॉन एकदाही 'बघा मी किती मूर्ख आहे' असं प्रेक्षकांकडे बघून म्हणत नाही. बार्नीला खरोखर वाटतं की आठवतंय, अगदी जिभेवर आहे. प्रॉम्प्टरवर अवलंबून प्रयोग पार पाडलेला आपल्यातला कुणीही नट हा प्रसंग पाहताना घामाघूम होईल.

दुसरा एक भाग बघ, जानेवारी १९६३ चा. मोटार बंद पडलेला एक उतावळा व्यापारी रविवारी मेबेरीत अडकतो. जेवणं झाली आहेत, ओसरीवर सगळे बसले आहेत. बार्नी ठरवतोय की आता घरी जावं, जरा डुलकी काढावी, मग थेल्मा लूकडे (ही त्याची मैत्रीण) जाऊन टीव्ही बघावा. बस, एवढंच. ते तो सांगतो. मग पुन्हा सांगतो. काही वेळाने पुन्हा, त्याच शब्दांत, तितक्याच शांतपणे, जागचा न हलता. यात थरथर नाही, डोळे मोठे नाहीत, एकही ठरावीक लकब नाही. तो व्यापारी आतल्या आत फुटत चालला आहे आणि बार्नी बेत सांगतोच आहे. इथे डॉनचं टायमिंग नागडं दिसतं, कारण त्यावर दुसरं काही चढवलेलंच नाही. तुझ्या सरांना म्हणावं, हा भाग वर्गात लावा.

तर तालमीत आता असं कर. हात थरथरवणं पूर्ण बंद. कारकुनाला साहेबासमोर रुबाबदार दिसायचं आहे, इतकंच मनात ठेवून सगळा प्रसंग कर. शांत, ताठ, आवाज खर्जात. मग सहकाऱ्याला सांग की साहेबाने एकदम फाइल टेबलावर आपटावी. शरीर काय करतं ते टिपून ठेव. तेवढंच ठेव, बाकीचं फेकून दे. आणि साहेबाची भूमिका करणाऱ्या मुलाशी मैत्री कर. तो शांत राहिला तरच तुला हशा मिळेल.

इतकं गाजत असताना त्याने मालिका का सोडली? भांडण झालं का?
– डोंबिवली

भांडण नाही. अँडी सुरुवातीपासून सांगत होता की पाच वर्षांनी थांबायचं. डॉनने ते मनावर घेतलं, पुढची सोय म्हणून युनिव्हर्सल स्टुडिओबरोबर पाच चित्रपटांचा करार जुळवला. मग अँडीचा विचार बदलला, मालिका पुढे न्यायची ठरली. तोवर डॉनचा शब्द गेला होता. १९६५ मध्ये तो बाहेर पडला, नंतर पाहुणा म्हणून अधूनमधून येत राहिला. पाचपैकी शेवटचे दोन एमी, १९६६ आणि १९६७ चे, या पाहुण्या फेऱ्यांसाठीच मिळाले. मालिका त्याच्याविना चालली, शेवटच्या वर्षी तर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. तरीही लोक आजही पुन्हा पुन्हा पाहतात ते बार्नीचे भाग.

मुलांबरोबर पाहायला त्याचा कुठला चित्रपट सुचवाल? मुलगा आठ वर्षांचा, मुलगी अकराची.
– पुणे

'द इन्क्रेडिबल मिस्टर लिंपेट', १९६४. माशांचं वेड असलेला एक भिडस्त हिशेबनीस कोनी आयलंडला पाण्यात पडतो आणि खरोखर मासा होतो. मग अर्धा चित्रपट कार्टून, आवाज डॉनचा. तो मासा अमेरिकी नौदलाला जर्मन पाणबुड्या शोधून देतो. मुलांना आवडतोच. फ्लोरिडात वीकी वाचीला पाण्याखाली नाट्यगृह आहे, तिथे या चित्रपटाचा पहिला खेळ झाला होता, हेही त्यांना सांगा.

मुलगी अकराची आहे तर 'द घोस्ट अँड मिस्टर चिकन' (१९६६) सुद्धा चालेल. छापखान्यात खिळे जुळवणारा ल्यूथर वार्ताहर व्हायचं स्वप्न पाहतो आणि झपाटलेल्या वाड्यात रात्र काढतो. त्यात सहलीच्या जागी ल्यूथरला भाषण करावं लागतं. वर ज्या घाबरलेल्या वक्त्याचं सांगितलं, तोच इथे पूर्ण वाढीचा भेटतो. लेखक मेबेरीच्या मालिकेचेच, फ्रिट्झेल आणि ग्रीनबाम, म्हणून संवाद नेमके बसले आहेत. युनिव्हर्सलचे पुढचे चित्रपट उतरत्या भाजणीचे. १९६९ च्या 'द लव्ह गॉड?' पासून मुलांना लांबच ठेवा, तो मोठ्यांसाठी होता आणि मोठ्यांनीही तो उचलून धरला नाही. डिस्नेचे मात्र बिनघोर दाखवा, विशेषतः १९७५ चा 'द ॲपल डम्प्लिंग गँग'. त्यात टिम कॉनवे आणि डॉन हे दोन गबाळे दरोडेखोर आहेत. कॉनवे सावकाश आणि डॉन धांदरट, अशी ती जोडी. दोघांनी पुढे आणखी चित्रपट केले.

मी १९८१ ला न्यू जर्सीत आले तेव्हा इंग्रजी टीव्हीवर मला पहिल्यांदा समजलेला विनोद 'थ्रीज कंपनी' मधल्या घरमालक फर्लीचा. गळ्यात रंगीबेरंगी रुमाल, अंगात भडक कपडे. तो हाच हे आता कळलं! पण तुम्ही त्याला बार्नीइतका मानता का?

बार्नीइतका मानत नाही, पण कमी लेखू नका असंही सांगते. १९७९ मध्ये आधीचे घरमालक रोपर पतिपत्नी स्वतःच्या वेगळ्या मालिकेत गेले आणि त्या रिकाम्या जागी डॉन राल्फ फर्ली होऊन आला. १९८४ ला मालिका संपेपर्यंत राहिला. मेबेरीची मालिका प्रेक्षकांविना, चित्रपटासारखी एका कॅमेऱ्याने चित्रित होई. इथे समोर प्रेक्षक बसलेले. वय पंचावन्न. ब्रॉडवेची सवय होती तरी इतक्या वर्षांनी दर आठवड्याला समोरासमोर हशा घ्यायचा, तोही जॉन रिटरसारख्या उड्या मारणाऱ्या तरुण नटासमोर. डॉनने रिटरच्या वेगाशी शर्यत लावली नाही. तो दारात यायचा, थांबायचा, आपण या इमारतीतले देखणे पुरुष आहोत अशा खात्रीने मान वळवायचा, आणि हशा तिथेच. फर्लीलाही मानच हवा आहे, फक्त त्याची समजूत अशी की तो कपड्यांनी मिळतो. त्या वेळी परक्या देशात, परक्या भाषेत तुम्हाला तो पहिल्यांदा समजला, हे वाचून मला आनंद झाला.

शेवटपर्यंत काम केलं का? आणि अँडी ग्रिफिथशी मैत्री राहिली का?
– सोलापूर

दोन्हींचं उत्तर होय. १९८६ मध्ये मेबेरीची मंडळी 'रिटर्न टू मेबेरी' या टीव्ही चित्रपटासाठी पुन्हा जमली आणि त्यात बार्नी आणि थेल्मा लूचं लग्न एकदाचं लागलं. पुढे अँडी 'मॅटलॉक' या मालिकेत वकील झाला, तिथे डॉन त्याचा शेजारी म्हणून यायचा. १९९८ च्या 'प्लेझंटव्हिल' मध्ये जुन्या कृष्णधवल मालिकेच्या जगात मुलांना पाठवणारा टीव्ही दुरुस्तीवाला डॉन आहे. त्या भूमिकेसाठी याहून योग्य माणूस अमेरिकेत नव्हता, असं माझं ठाम मत आहे. म्हातारपणी डोळ्यांचा विकार जडला, मध्यभागचं दिसेनासं होत गेलं. तरी २००५ च्या 'चिकन लिटल' मध्ये टर्की महापौराचा आवाज त्याने दिला. २४ फेब्रुवारी २००६ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, वय ८१. फुप्फुसाचा कर्करोग होता. शेवटच्या दिवसात अँडी त्याला भेटून गेला होता. पन्नास वर्षांची मैत्री, आणि त्यात एकमेकांचा हशा कुणी कधी चोरला नाही.

ताई, कॅरीचाच मी पुन्हा. एका पत्रात दोन प्रश्न नकोत म्हणून वेगळं लिहितो. ऑक्टोबरात भारतात परत येणार. त्याआधी मुलाला घेऊन जाण्यासारखी, या मालिकेशी संबंधित जागा आहे का?

आहे काका, आणि मुलाला एक सुट्टी काढायला लावा. तुमच्याकडून मोटारीने अडीच तासांच्या आत माउंट एअरी गाव आहे. अँडी ग्रिफिथचं जन्मगाव. मेबेरी तिथूनच सुचलं असं सगळे मानतात. भावाकडे शार्लटला गेले होते तेव्हा मी तिथे जाऊन आले. अँडीच्या नावाचं संग्रहालय आहे, बाहेर गळ टाकायला निघालेल्या अँडी आणि ओपीचा पुतळा आहे. जुन्या पोलीस गाडीत बसवून गावभर फिरवतात, तीत जरूर बसा. 'स्नॅपी लंच' हे १९२३ पासूनचं खानावळवजा हॉटेल तिथे आहे, पण त्याची ख्याती डुकराच्या मांसाच्या सँडविचची. खात नसाल तर नुसती कॉफी घ्या. थेल्मा लू झालेली बेटी लिन २००७ मध्ये या गावी कायमची राहायला आली आणि पुढची कितीतरी वर्षं संग्रहालयात चाहत्यांना भेटत असे. २०२१ मध्ये ती गेली. सप्टेंबरात 'मेबेरी डेज' ही जत्रा भरते, म्हणजे तुमची वेळ जुळते आहे. तेव्हा मात्र राहायची सोय आधी करा, खोल्या मिळत नाहीत. गावाजवळ पायलट माउंटन नावाचा एकांडा सुळका दिसतो. मालिकेत बार्नी ज्या माउंट पायलट शहराला सारखा जातो, त्याचं नाव या डोंगरावरून आलं.

डॉनचं स्वतःचं गाव त्याहून बरंच लांब, उत्तरेला. मॉर्गनटाउनला गेलात तर हाय स्ट्रीटवर मेट्रोपॉलिटन थिएटरसमोर त्याचा पुतळा आहे, २०१६ मध्ये बसवलेला. गावातल्या एका मोठ्या रस्त्यालाही त्याचं नाव आहे. पण एवढ्या प्रवासाचा हट्ट तुमच्या मुलाकडे मी तुमच्या वतीने धरत नाही. माउंट एअरीला जाऊन या, आणि शेजारच्या गृहस्थांनाही गाडीत घ्या. संवाद त्यांना पाठ आहेत, वाटेत अर्थ सांगतील.